ईम गावातील पाहण्यासारखी ठिकाणे

इंग्लंड देशात डर्बीशायर भागात ईम नावाचे डोंगराळ खेडे आहे. गुरुजींनी वर्गात त्याची माहिती सांगितली, ती मी लिहीत आहे.

१) प्लेगची घरे : सन १६६५ मध्ये इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचे गाठोडे आले. त्यातल्या पिसवांमुळे गावात प्लेग शिरला असे सांगतात.

२) वेशीचा दगड : १६६६ साली धर्मगुरू मॉम्पेसन यांच्या सांगण्यावरून गावाने ठरवले, की कोणी बाहेर पळायचे नाही. नाहीतर रोग दुसऱ्या गावांत जाईल. ह्या दगडाला भोके आहेत. त्यात व्हिनेगर घालून पैसे ठेवायचे. शेजारच्या गावचे लोक अन्न ठेवून पैसे न्यायचे.

३) मॉम्पेसनची विहीर : हा खरा तर झरा आहे. इथेही असेच सामान ठेवत.

४) रायली कबरी : एका बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हाताने पुरली. हे ऐकून वर्गात कोणीच बोलेना.

गावात सुमारे २६० माणसे मेली. गावात संग्रहालयही आहे.

सन २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा मी लहान होतो. मुंबईहून आलेल्या माझ्या काकाला चौदा दिवस ह्याच शाळेत ठेवले होते. आजी फाटकाशी डबा ठेवायची आणि लांब जाऊन उभी राहायची. काका जेवला की मगच घरी यायची. मला वाटायचे, काकाला घरात का घेत नाहीत? आता समजले.

ईमचा दगड मी पाहिला नाही. पण आपले फाटक रोज पाहतो.

– इयत्ता ४ थी