ओळखीची चिठ्ठी

दिवाळी सरली की कृष्णाकाठी उसाचा हंगाम सुरू होतो आणि कऱ्हाडपासून वाळव्यापर्यंतचे रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. साखर कारखान्याच्या आवारात शिरलेली गाडी प्रथम वजनकाट्यावर चढते. भरल्या गाडीचे वजन नोंदले जाते व गाडीवानाच्या हाती एक चिठ्ठी पडते. पुढे गव्हाणीत ऊस टाकून तो पुन्हा काट्यावर येतो आणि ती चिठ्ठी दाखवितो. भरल्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले म्हणजे उसाचे वजन निघते. मुलांनो, काट्यावरच्या कारकुनासमोरून दिवसभरात शेकडो गाड्या जातात. त्याने कोणाकोणाचा चेहरा ध्यानात ठेवावा? ते काम चिठ्ठीवरचा क्रमांक करतो.

आपण ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडतो, तेव्हा हीच अडचण उभी राहते. आपण मागितलेले पान दूरवरचा एक संगणक पाठवितो. त्यास सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर मोठा विसरभोळा असतो. एक पान दिले की पान मागणारा कोण होता हे तो विसरतो. दुसरे पान मागावे, तर त्याच्या दृष्टीने आपण पुन्हा अनोळखीच! अशा स्थितीत दुकानाच्या संकेतस्थळावर टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर टोपलीत राहावी कशी?

१९९४ साली अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीत लू माँटुली नावाचा तरुण अभियंता काम करीत होता. त्याच्यापुढे हाच प्रश्न आला. एका ग्राहक-कंपनीला लोकांच्या अपुऱ्या राहिलेल्या खरेदीच्या नोंदी आपल्या संगणकावर साठवावयाच्या नव्हत्या. माँटुलीने तोड काढली ती गाडीवानाच्या चिठ्ठीसारखीच. सर्व्हरने एक लहानशी नोंद ब्राउझरच्या हाती द्यावी, ब्राउझरने ती जपून ठेवावी आणि त्या स्थळी पुन्हा जाताना आपण होऊन दाखवावी. या नोंदीस त्याने ‘कुकी’ असे नाव दिले. या नावाचा खाण्याच्या बिस्किटाशी संबंध आहे तो दूरचाच. दोन कार्यक्रमांनी आपसांत देवघेव करावयाच्या खुणेला संगणकतज्ज्ञ पूर्वीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत असत, त्यावरून ते आले.

कुकी म्हणजे केवळ मजकूर. तिचा आकार सामान्यतः चार हजार अक्षरांच्या आत असतो. तो काही आपण होऊन चालणारा कार्यक्रम नव्हे. म्हणून कुकीमुळे संगणकात विषाणू शिरतो ही समजूत चुकीची आहे. एका स्थळाने दिलेली कुकी ब्राउझर सहसा त्याच स्थळाला परत दाखवितो, दुसऱ्याला नाही. काहींवर मुदत लिहिलेली असते व त्या महिनोन्‌महिने टिकतात. काही ब्राउझर बंद करताच नाहीशा व्हावयाच्या असतात. पण हल्लीचे पुष्कळ ब्राउझर मागची पाने पुन्हा उघडून देतात, तेव्हा त्यांबरोबर या चिठ्ठ्याही जिवंत राहतात. ही गोष्ट लहान दिसते, परंतु तिचे परिणाम लहान नसतात.

समजा, जतची एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी गावातील सेवा केंद्रात गेली. अर्जाची कागदपत्रे तिच्या ई-मेलमध्ये होती. तिने पासवर्ड घालून ई-मेल उघडला, काम उरकले, खिडकी बंद केली आणि ती घाईने एस. टी. गाठण्यास निघाली. पासवर्ड तिने कोणास सांगितला नाही; तरीही तिच्यामागून त्या संगणकावर बसणाऱ्याने तेच स्थळ उघडले, तर तिची सारी पत्रे, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते त्याच्यासमोर उघडे पडू शकते. ब्राउझरने तिची चिठ्ठी दाखविली आणि सर्व्हरने आत सोडले, इतकेच! चिठ्ठी कोणाच्या हातात आहे हे सर्व्हरला दिसत नाही. खिडकी बंद करणे निराळे आणि ‘बाहेर पडा’ हे बटण दाबणे निराळे. ते बटण दाबले म्हणजे चिठ्ठी काढून टाकली जाते आणि बहुतेक स्थळे ती आपल्या वहीतही रद्द करतात. बँकेची स्थळे तर काही मिनिटे हालचाल दिसली नाही की आपण होऊन दार लावून घेतात.

आता चिठ्ठीचा दुसरा प्रकार पाहू. तासगावचा एक द्राक्षबागायतदार दुपारी फवारणी यंत्राच्या किमती पाहतो. संध्याकाळी तो क्रिकेटची बातमी वाचू लागतो, तो त्या पानावर त्याच यंत्राची जाहिरात हजर! यात जादू मुळीच नाही. दोन्ही पानांवर एकाच जाहिरात कंपनीने जागा घेतलेली असते. दुपारी तिने ब्राउझरला आपली चिठ्ठी दिली आणि संध्याकाळी तीच चिठ्ठी तिच्याकडे परत आली. ज्या स्थळी आपण गेलो त्याहून निराळ्याच कोणी दिलेल्या या कुकीस ‘तृतीय पक्षाची कुकी’ म्हणतात. प्रत्येक कारखान्याच्या, दवाखान्याच्या आणि दुकानाच्या दाराशी एकच कारकून बसला, तर त्याच्या वहीत काय काय जमेल? आपले पीक, आपले दुखणे, आपली अडचण! काट्यावरच्या चिठ्ठीत गाडीवानाचा लाभ होता. येथे लाभ मुख्यतः वही ठेवणाराचा आहे, असे माझे मत आहे.

ब्राउझर तयार करणाऱ्यांचे यावर एकमत झाले नाही. सफारीने मार्च २०२० पासून अशा कुकींना सरसकट मज्जाव केला. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक स्थळाच्या कुकी वेगवेगळ्या डब्यांत बंद ठेवण्यास आरंभ केला. गूगलने मात्र क्रोममधून त्या काढून टाकण्याचे २०२० साली जाहीर केले आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. तेव्हा क्रोम वापरणाराने स्वतःच सेटिंग्जमध्ये ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ हा विभाग उघडून तृतीय पक्षाच्या कुकी रोखाव्यात.

आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. पुढे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. अठरा वर्षांखालील मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास हा कायदा सामान्यतः मनाई करतो.

अनेक स्थळे हल्ली आरंभीच कुकींची परवानगी विचारतात. ‘सर्व स्वीकारा’ हे बटण ठळक रंगाचे असते आणि ‘नाकारा’ हे कोपऱ्यात दडलेले! नकार दिला तरी स्थळ चालण्यास लागणाऱ्या आवश्यक कुकी राहतात, म्हणून पान वाचण्यास सहसा अडचण येत नाही. साठलेल्या कुकी पुसावयाच्या झाल्यास सर्व एकदम पुसू नयेत. तसे केल्यास प्रत्येक ठिकाणी पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो आणि तो आठवत नसला म्हणजे पंचाईत होते. नको त्या स्थळाची तेवढी कुकी शोधून काढून टाकता येते. सेवा केंद्रातील संगणकावर गुप्त खिडकी उघडून काम करावे. अशा सर्व खिडक्या बंद करताच त्यांतील कुकी नाहीशा होतात. तथापि तिच्या नावावर भुलू नये: आपण कोणत्या स्थळी गेलो हे इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस तेव्हाही दिसू शकते, आणि उतरवून घेतलेला अर्ज तर त्या संगणकावर तसाच राहतो, तो आपल्या हातानेच पुसावा लागतो.