कागद आणि माणूस : फिलिपाईन्समधील शोधपत्रकारिता

वृत्तपत्र म्हणजे घडलेल्या घटनांची नोंद, असे आपण सामान्यतः समजतो. परंतु जे कोणीतरी दडवून ठेवले आहे ते पुराव्यानिशी उजेडात आणणे, हेही वृत्तपत्राचेच काम होय. यालाच शोधपत्रकारिता म्हणतात. फिलिपाईन्समध्ये ती चांगली रुजली आणि ती रुजविण्यात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. तेथील गरीब स्त्रियांच्या हालअपेष्टांशी तिचा काय संबंध आहे, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला आणि स्वतंत्र वृत्तपत्रांना कुलपे लागली. १९८३ मध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांची मनिला विमानतळावर हत्या झाली, तेव्हा इतर पत्रे दबकून असताना युजेनिया अपोस्तोल या बाईंच्या साप्ताहिकाने ती बातमी निर्भयपणे छापली. १९८६ मध्ये मार्कोस यांना देश सोडावा लागला. पुढे १९८९ मध्ये नऊ पत्रकारांनी शोधपत्रकारितेसाठी एक केंद्रच स्थापन केले. शीला कोरोनेल या त्यांच्यापैकी एक. २००० मध्ये या केंद्राने कंपन्यांची नोंदणीपत्रे व मालमत्तेचे कागद तपासून राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांची अघोषित संपत्ती उघड केली. जानेवारी २००१ मध्ये एस्त्रादा यांना पायउतार व्हावे लागले. माणसांनी लपविलेले येथे कागदाने सांगितले.

परंतु गरीब स्त्रीच्या बाबतीत बहुधा उलटे घडते. २००० मध्येच मनिलाच्या महापौरांनी एक आदेश काढला. त्यात कृत्रिम संततिनियमनापासून लोकांना परावृत्त करावे, असे म्हटले होते. 'बंदी' हा शब्द नव्हता. प्रत्यक्षात मात्र शहराच्या दवाखान्यांतून संततिनियमनाची साधने नाहीशी झाली. ज्यांना ती विकत घेणे परवडत नव्हते, त्या वस्त्यांतील बायकांवर एकामागून एक बाळंतपणे लादली गेली. आदेशाचा कागद कितीही वेळा वाचला तरी हे कळले नसते. स्त्रीहक्क संघटनांनी या बायकांच्या हकिगती नोंदवून २००७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा कागदाने लपविलेले माणसांनी सांगितले.

२०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी अमली पदार्थांविरुद्ध मोहीम सुरू केली. पोलिसांच्याच हिशेबाने तीत सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली. 'संशयिताने प्रतिकार केला', हे वाक्य अहवालामागून अहवालात येत राहिले. पॅट्रिशिया एव्हांजेलिस्टा यांच्यासारख्या पत्रकार रात्री त्या गल्ल्यांत गेल्या आणि मागे राहिलेल्या आयाबायकांचे म्हणणे त्यांनी लिहून घेतले. कर्ता पुरुष गेल्यावर घर चालविणे आणि न्याय मागणे, अशी दोन्ही ओझी त्यांच्यावरच पडली होती. २०१७ मध्ये मारल्या गेलेल्या सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात कॅमेऱ्यातील चित्रण पोलिसांच्या निवेदनाशी जुळले नाही आणि २०१८ मध्ये तीन पोलीस खुनाबद्दल दोषी ठरले. बाकी बहुतेक घरांजवळ असा कॅमेरा नव्हता. होती ती फक्त साक्ष.

हा विषय मला परका वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या रेशनकार्डावर आईच्या नावापुढे 'घरकाम' असे लिहिलेले आहे. वास्तविक वर्षातले आठ महिने ती दुसऱ्याच्या शेतात खुरपणी आणि काढणी करते. उद्या कोणी केवळ कागदांवरून आमच्या गावाचा अभ्यास केला, तर त्याला तेथे एकही मजूर स्त्री आढळणार नाही.

मनिलाहून दिला जाणारा मॅगसेसे पुरस्कार २००३ मध्ये शीला कोरोनेल यांना मिळाला. आपल्या विदर्भातील शेतकरी कुटुंबांची दैना दारोदार जाऊन लिहिणारे पी. साईनाथ यांना २००७ मध्ये त्याच विभागात तो मिळाला. दोघांच्या कामातून मला एकच पद्धत दिसते : कागद मिळवावा, मग तो ज्याच्याविषयी आहे त्या माणसापर्यंत जावे आणि दोहोंत अंतर आढळले तर ते न भिता लिहावे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजवर कागद वाचणारे कोणी नव्हते. आता आपण आहोत. तेव्हा निदान आपल्या घरच्या आणि गावच्या स्त्रियांविषयी काय लिहून ठेवले आहे, ते एकदा वाचून त्यांनाच विचारावे, असे मला वाटते.