हजेरीपटातील भूगोल

मुलांनो, भूगोल म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? पर्वत, नद्या, वारे, पिके आणि रंगीत नकाशे! परंतु या पर्वतांच्या पायथ्याशी आणि नद्यांच्या काठी माणसे राहतात. ती कोठे दाटीने, तर कोठे विरळ का राहतात, आणि पिढ्यान् पिढ्यांचे घर सोडून दूर का जातात, या प्रश्नांचा विचार करणारे शास्त्र म्हणजे मानवी भूगोल होय. मला त्याचा पहिला धडा एका हजेरीपटाने दिला.

१९८२ सालची ही गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेडेगावी मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. जूनमध्ये शाळा उघडली आणि सातवीच्या हजेरीपटाच्या अखेरीस मला पाच नवी नावे लिहावी लागली. पाचही मुले मुंबईहून आलेली. गाव त्यांचेच, पण त्यांना ते केवळ सुट्टीपुरते ठाऊक! मी एकाला विचारले, "का रे, मुंबईची शाळा सोडून इकडे कसा आलास?" मान खाली घालून तो म्हणाला, "गुरुजी, बाबांची गिरणी बंद आहे."

त्या वर्षी १८ जानेवारी रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. मी वर्गाला विचारले, "कोणाकोणाच्या घरचे माणूस मुंबईस आहे?" एकूण एक हात वर झाला. संप मुंबईत, पण चुली मात्र शेकडो किलोमीटर दूर, आमच्या गावात विझू पाहत होत्या! असे का व्हावे?

प्रथम भूमी पाहू. सह्याद्री आणि समुद्र यांमधील कोकण ही एक चिंचोळी पट्टी आहे. रत्नागिरीस वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु तीव्र उतारावरून ते पाणी पाहता पाहता समुद्रास मिळते. पुष्कळशी जमीन म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा कातळ. सखल भागातील खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नाचणी पिके, पण ती घरातील साऱ्या माणसांस वर्षभर पुरत नसे. त्यातही पिकाचा मोठा वाटा खोताकडे जाई; ही खोती पद्धत १९४९ च्या कायद्याने रद्द झाली. ही झाली माणसाला घरातून ढकलणारी कारणे.

आता ओढणारी कारणे पाहा. सात बेटे जोडून वसलेल्या मुंबईला उत्तम नैसर्गिक बंदर लाभले होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढे लोहमार्ग घाट चढून कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांपर्यंत पोहोचला. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली. मग गिरण्या वाढत गेल्या. त्यांना हात हवे होते, आणि कोकणातील हातांना काम हवे होते. तरुण आगबोटीने मुंबईस जाऊ लागले. एकेका खोलीत गावातील दहा-वीस जण राहत, खानावळीत जेवत आणि घरी मनिऑर्डर पाठवीत. गणपतीस गावी येणाऱ्या या मंडळींस कोकणात 'चाकरमानी' हे नाव पडले. कामासाठी एक प्रदेश सोडून दुसऱ्या प्रदेशात जाऊन राहणे, यास स्थलांतर म्हणतात.

स्थलांतराच्या खुणा जनगणनेत स्पष्ट उमटतात. एका चौरस किलोमीटरमध्ये सरासरी किती माणसे राहतात, त्या संख्येस लोकसंख्येची घनता म्हणतात. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची घनता १९७ होती, तर मुंबई उपनगर जिल्ह्याची जवळजवळ २१,०००! त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, आणि मुंबई शहर जिल्ह्यात केवळ ८३२. हे आकडे कोरडे समजू नका. पुरुष मुंबईस गेले आणि मागे राहिलेल्या आयाबायांनी लावणी केली, गुरे राखली, म्हाताऱ्यांची सेवा केली. ती सारी हकीकत या दोन आकड्यांत आहे.

तर मग भूमीच माणसाचे नशीब ठरविते काय? नाही. संप लांबला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि आमच्या गावचे अनेक कामगार परतले. १९९० साली शासनाने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना सुरू केली. ज्या कातळावर गवताखेरीज काही उगवत नसे, तो फोडून लोकांनी खड्डे केले, दुसरीकडची माती आणून भरली आणि हापूसची कलमे लावली. कातळ तोच, पाऊसही तोच. माणसाचे श्रम आणि ज्ञान मात्र नवे. निसर्ग मर्यादा घालतो. त्या मर्यादेत काय करावयाचे, ते माणूस ठरवितो.

तथापि, ओढ थांबलेली नव्हती. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८२ हजारांनी घटली. मान खाली घालून मला उत्तर देणारा तो मुलगा गावीच राहिला. वडिलांनी लावलेली कलमे आज तो सांभाळतो. त्याची दोन्ही मुले मात्र नोकरीसाठी मुंबईस आहेत. "गुरुजी, घर मोठे बांधले, पण राहायला आम्ही दोघेच," असे तो परवा मला म्हणाला.

मुलांनो, आपल्या वर्गाचा हजेरीपट एकदा या दृष्टीने पाहा. कोणाचे आजोबा कोठून आले? का आले? तेथे मागे कोण राहिले? उत्तरे गोळा करू लागा, म्हणजे मानवी भूगोल तुमच्याच बाकावर बसलेला आढळेल.

स्वाध्याय

१. स्थलांतर म्हणजे काय? कोकणातील माणसांना ढकलणारी दोन व ओढणारी दोन कारणे लिहा.
२. 'हे आकडे कोरडे समजू नका,' असे लेखक का म्हणतात?
३. 'कातळ तोच, पाऊसही तोच,' या वाक्याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट करा.
४. घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारून आपल्या कुटुंबाच्या स्थलांतराची हकीकत दहा ओळींत लिहा.