शिवारातले पंचांग

मंडळी, घराच्या भिंतीवर पंचांग टांगलेले असते. त्यात आपण तिथी बघतो, सण बघतो. पण दुसरे एक पंचांग आपल्या शिवारात उघडे पडले आहे. झाडे, पाखरे, किडे ही त्याची अक्षरे. तुम्ही आता अक्षरे वाचू लागला आहात. तर हीही वाचून बघू या. ती नीट वाचली तर बी-बियाण्याचा पैसा वाचतो.

१. झाड पाने का टाकते?

माघ-फाल्गुनात काटेसावरीकडे बघा. अंगावर पान नाही, पण लाल फुले झाडभर! पळसाचेही तसेच. शिमगा जवळ आला की पळस पेटल्यासारखा दिसतो.

पानाला बारीक छिद्रे असतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. उन्हाळ्यात जमिनीत ओल कमी आणि वरून ऊन कडक. पाने तशीच ठेवली तर झाडाचे पाणी उडून जाईल. म्हणून झाड पाने गाळते. आवक कमी झाली की शहाणा माणूस खर्च आवरतो ना? तसेच हे.

पाने नसल्याने फुले लांबून दिसतात. साळुंक्या, बुलबुल मध प्यायला येतात आणि एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला नेतात. मग फळ धरते. बी पावसाच्या आधी पिकून खाली पडते. पाऊस आला की ते रुजते. बघा, झाडाचा हिशेब किती चोख आहे!

२. पावशा काय सांगतो?

वैशाखात बहावा पिवळाधमक होतो. कावळा घरट्यासाठी काटक्या जमवू लागतो. आणि पावशा ओरडू लागतो. आपली माणसे म्हणतात, तो 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असे सांगतो.

खरे पाहता पावशा आपल्या जोडीदारणीला बोलावत असतो. तो त्याचा विणीचा हंगाम. तो घरटे बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते. सातभाई बिचारे ते पिल्लू आपले समजून वाढवतात. पाऊस पडला की अळ्या नि किडे पुष्कळ होतात, पिलांना खायला कमी पडत नाही. म्हणून हा हंगाम.

तेव्हा पावशा खोटे सांगत नाही. पावसाळा जवळ आला, एवढे तो सांगतो. पण पाऊस किती पडेल, मध्ये उघडीप पडेल का, हे त्याला कुठले ठाऊक?

मृगाचेही तसेच. मृग नक्षत्र दरसाल ७ किंवा ८ जूनला लागते. पाऊस मात्र तारीख पाळत नाही. २०२३ साली मोसमी पाऊस मुंबईला २५ जूनला पोचला. २०२५ साली तो २६ मेलाच पोचला. दोन सालांत एका महिन्याचे अंतर पडले. मृग मात्र दोन्ही साली आपल्या वेळेवरच लागला.

३. मग पेरावे केव्हा?

पहिला पाऊस पडतो. बेडूक ओरडू लागतात. मखमलीसारखे लाल मृगाचे किडे जमिनीवर फिरू लागतात. मन म्हणते, चला, तिफण काढा. पण जरा थांबा.

पहिल्या सरीने वरची माती तेवढी भिजते. खालची कोरडीच असते. अशात पेरले तर बी उगवते, मुळी खाली जाते, आणि तिथे ओल नसते. वर पाच-सहा दिवस ऊन पडले की रोप माना टाकते. बी गेले, खत गेले, मजुरी गेली. दुबार पेरणीसाठी पुन्हा सावकाराचे दार!

शेतीखात्याचा सल्ला असा, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरणी करावी. म्हणजे ३ ते ४ इंच. धूळपेरणीची गोष्ट निराळी.

हे मोजायचे कसे? सपाट बुडाचा, सरळ काठाचा डबा उघड्यावर ठेवा. वर झाड किंवा वळचण नको. सकाळी पट्टी उभी धरून पाणी मोजा, आकडा लिहा, डबा रिकामा करा. रोजच्या आकड्यांची बेरीज करा. शिवाय शेतात कुदळीने खणून बघा. वीतभर खोल ओल गेली आहे ना? मग खुशाल पेरा.

४. रात्रीचे भुंगेरे

पहिल्या वळवाने आणखी एक प्राणी जागा होतो. तो म्हणजे हुमणीचा भुंगेरा. दिवेलागणीनंतर तो जमिनीतून वर येतो आणि कडुलिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातो. मग मादी मातीत पन्नास-साठ अंडी घालते. अंड्यांतून निघते ती हुमणी. ऊस, भुईमूग, ज्वारी यांची मुळे ती खाते.

एकदा हुमणी जमिनीत शिरली की काढणे फार कठीण. पण भुंगेरा झाडावर असतो तोवर हाती लागतो. रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन जा. फांद्या हलवा. खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. पावसाच्या सुरुवातीचे तीन-चार आठवडे हे काम करा. अंधारात जाताना पायांत जोडा नि हातात काठी असू द्या. त्या दिवसांत सापही बाहेर पडतात.

हे एकट्याचे काम नव्हे. आपण भुंगेरे मारले नि शेजाऱ्याने मारले नाहीत, तर त्याचे भुंगेरे आपल्या शेतात येतात. साऱ्या गावाने मिळून केले तरच फळ मिळते.

५. एक वही घाला

घरात पोरांची जुनी वही असेल. तिची कोरी पाने काढून घ्या. पळस कधी फुलला, पावशा कधी ओरडला, पहिला पाऊस कधी पडला नि किती, भुंगेरे कधी दिसले, हे तारखेसह लिहा. पोरांनाही संगती घ्या. त्यांचे डोळे तीक्ष्ण असतात. चार-पाच सालांनी ती वही तुमच्या गावची गोष्ट सांगू लागेल. दुसऱ्या गावच्या माणसाला ती कधी लिहिता यायची नाही. ती तुम्हीच लिहायची.

प्रश्न

१. काटेसावर उन्हाळ्याआधी पाने का टाकते?
२. पावशाचे कोणते सांगणे खरे? काय त्याला ठाऊक नसते?
३. पहिल्या दिवशी २० मिलिमीटर, दुसऱ्या दिवशी ३५, तिसऱ्या दिवशी १० मिलिमीटर पाऊस पडला. एकूण किती? आता पेरावे की थांबावे?
४. या आठवड्यात तुमच्या शिवारात कोणते झाड फुलले आहे? वहीत दोन ओळी लिहा.