लोणा आणि मामांचा हात

आमच्या होस्टेलच्या तळमजल्यावर वॉटर कूलरमागे उघड्या विटांची भिंत आहे, ती सगळ्यांना माहीत आहेच. पावसाळा संपून ऑक्टोबर हीट सुरू झाली की तिच्यावर पांढरं काहीतरी फुटतं. मागच्या वर्षी झाडलोट करणाऱ्या मामांना कुणीतरी सांगितलं, "अ‍ॅसिड मारा, जाईल." मामांनी बाथरूमचं अ‍ॅसिड पाणी न घालता, उघड्या हाताने मारलं. डाग गेला, हात भाजला. पंधरा दिवसांत डाग परत हजर! हात बरा व्हायला त्याहून जास्त दिवस लागले.

मी सिव्हिलचा. 'एफ्लोरेसन्स'ची व्याख्या परीक्षेपुरती पाठ होती, पण त्याला लोणा म्हणतात हे मला मामांकडून कळलं (कॉन्व्हेंटचे तोटे!). लोणा म्हणजे क्षार. विटेच्या मातीत, वाळूत, जमिनीतल्या पाण्यात ते असतात. भिंत पाणी पिते, क्षार विरघळतात, पाणी बाहेर येऊन उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणूनच भिंत वाळायला लागली की लोणा जास्त दिसतो. विटा घेतानाच हे तपासता येतं. आय. एस. ३४९५ प्रमाणे वीट २५ मि.मी. डिस्टिल्ड वॉटरमध्ये उभी ठेवतात, पाणी संपलं की पुन्हा तेवढंच घालतात आणि तेही सुकलं की किती भाग पांढरा झाला ते बघतात. जर्नलमध्ये आपण सगळ्यांनी हे उतरवलंय, कूलरमागे मात्र कुणी पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

डाग ओळखायला लॅब लागत नाही. बोटाने चोळल्यावर भुरभुरीत पावडर निघाली आणि ती पाण्यात विरघळली, तर लोणा. दबून चिकटली, कोंदट वास आला, तर बुरशी. टणक पापुद्रा असेल तर थोडा खरवडून बशीत घ्या आणि व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर तो काँक्रीटमधून झिरपलेला चुना, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेट झालेला. (भिंतीवरच थेंब टाकू नका, सिमेंटही फसफसतं आणि आपली फसगत होते.) गच्चीच्या टाकीखाली स्लॅबला आहे तो हाच. तो खरवडूनच काढावा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड काँक्रीटही खातं आणि त्यातलं क्लोराइड आतल्या सळ्यांना गंज आणतं.

कूलरमागचा लोणा निघाला, म्हणजे अ‍ॅसिडची गरजच नव्हती! कोरड्या दिवशी कोरडा ब्रश मारायचा आणि पडलेली पावडर लगेच भरून टाकायची, नाहीतर ती पुन्हा भिंतीत मुरते. पाण्याने धुणं तर सगळ्यात वाईट, क्षार परत आत जातात. वरून ऑइल पेंट दिला तर तो फुगून पोपडे पडतात.

पण पाणी थांबल्याशिवाय ब्रशचाही उपयोग नाही. कूलरचा ओव्हरफ्लो पाइप थेट भिंतीच्या पायथ्याशी सोडलेला होता. रेक्टर सरांना अर्ज दिल्यावर तो गटारात वळवला. भिंत अजून वाळतेय, लोणा थोडा थोडा येतोच. ब्रश कूलरच्या वर ठेवलाय. कृपया बूट घासायला नेऊ नये.