पॅकेट रेडिओची आज्ञावली : विक्रोळीच्या डोंगरउताराचा विचार

दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उपनगरी रेल्वे थांबली, वीज गेली आणि दूरध्वनी व मोबाईल सेवाही अनेक भागांत कोलमडली. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत संदेशवहनाचे काम केले होते. ज्या वेळी तारा तुटतात त्या वेळी बिनतारी यंत्रणेचे मोल कळते. मात्र नावांची व औषधांची लांबलचक यादी तोंडी सांगताना चुका होतात. ही अडचण दूर करणारे साधन म्हणजे पॅकेट रेडिओ होय.

यात संगणक व रेडिओ यांच्यामध्ये ‘टर्मिनल नोड कंट्रोलर’, म्हणजेच टीएनसी, हे उपकरण असते. ते मजकुराचे लहान लहान तुकडे करून ध्वनिसंकेतांच्या रूपाने पाठविते. तुकडा बिनचूक मिळाला तर पलीकडचे उपकरण पोच देते. एक बिट जरी बिघडला तरी सबंध तुकडा टाकून देण्यात येतो व तो पुन्हा पाठवावा लागतो. १९७८ साली कॅनडातील माँट्रियल येथील हौशी चालकांनी या पद्धतीचा आरंभ केला. पुढे १९८५ च्या सुमारास अमेरिकेतील टूसॉन येथील मंडळाने तयार केलेला ‘टीएनसी-२’ जगभर नमुना ठरला. पुढील विवेचन त्याच्या आज्ञांना धरून आहे.

विक्रोळीची रचना पाहावी. पश्चिमेस पार्कसाइट व सूर्यनगर येथील डोंगरउतारावरची वस्ती, मधून रेल्वेमार्ग, पूर्वेस टागोरनगर, कन्नमवारनगर आणि त्यापुढे खाडीलगतची कांदळवने. सूर्यनगर येथे १८ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून जीवितहानी झाली होती. समजा, उतारावरील एका शाळेत एक केंद्र आहे व दुसरे कन्नमवारनगरात. १४४ मेगाहर्ट्झच्या लहरींना हे अंतर किरकोळ आहे. परंतु डोंगरापलीकडील पवईस संदेश न्यायचा तर माथ्यावर पुनःप्रक्षेपण करणारे तिसरे केंद्र लागेल.

पहिली आज्ञा ‘मायकॉल’. तीत परवान्यावरील संकेतनाम भरावयाचे. त्यानंतर येते ‘टीएक्सडिले’. बटण दाबताच रेडिओ पूर्ण शक्तीने बोलू लागत नाही. त्यास क्षणभर अवधी लागतो. या आज्ञेतील एक अंक म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. ५० पासून प्रारंभ करून अंक हळूहळू उतरवावा, पोच चुकू लागली की थोडा वर चढवून तेथेच ठेवावा. अवधी कमी पडला तर प्रत्येक तुकड्याचे तोंडच कापले जाते आणि चालक विनाकारण अँटेनावर संशय घेत बसतो.

तुकड्याची लांबी ‘पॅकलेन’ने ठरते. दर सेकंदास १२०० बिट या वेगाने १२८ अक्षरांचा तुकडा जाण्यास सुमारे एक सेकंद लागतो. ‘मॅक्सफ्रेम’ ४ ठेवल्यास असे चार तुकडे पोच न घेता सलग जातात. नवख्या चालकास वाटते की दोन्ही आकडे वाढविले म्हणजे काम लवकर होईल. पावसात, गर्दीच्या वाहिनीवर, नेमके उलटे घडते: लांब तुकडा बिघडण्याचा संभव अधिक आणि तो बिघडला की नुकसानही अधिक. अशा वेळी पॅकलेन ६४ व मॅक्सफ्रेम १ हेच शहाणपणाचे. पोचेची वाट किती पाहावी हे ‘फ्रॅक’ ठरविते. तेथे ३ सेकंद असतील आणि मध्ये एक पुनःप्रक्षेपक असेल, तर उपकरण स्वतःच ९ सेकंद थांबते. ‘बीकन एव्हरी’ या आज्ञेतील एकक मात्र दहा सेकंदांचे आहे. मिनिटांच्या समजुतीने तेथे १ लिहिणारा चालक दर दहा सेकंदांनी सर्वांची वाट अडवितो.

मराठीसाठी एक वेगळी काळजी घ्यावी लागते. संगणकाच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘कन्नमवारनगर’ या नावास ३३ बाइट लागतात. तेच रोमन लिपीत १४ बाइटांत बसते. शिवाय टीएनसी-२ मुळात सात बिटांच्या अक्षरांवर बेतलेला आहे. ‘ऑलेन’ ८, ‘पॅरिटी’ ० आणि ‘एटबिटकॉन्व्ह’ चालू असे केल्याखेरीज मराठी मजकुराचा पलीकडे केवळ चिन्हांचा गोंधळ उमटतो. जखमींची यादी देवनागरीतच जावी अशी अपेक्षा असेल, तर ही तजवीज दोन्ही टोकांस आधीच करावयास हवी.

हे उपकरण चालविण्यास केंद्र शासनाचा हौशी रेडिओ परवाना आवश्यक आहे आणि मजकुराचा अर्थ लपविणारी सांकेतिक भाषा वापरण्यास मनाई आहे. शाळेने किंवा ग्रामपंचायतीने जागा, बॅटरी व अँटेनासाठी खांब द्यावा. यंत्रावर परवानाधारकच बसवावा.

ठरविलेले आकडे ‘डिस्प्ले’ आज्ञेने पडद्यावर आणून कागदावर उतरवावेत व तो कागद उपकरणावर चिकटवावा. आकडे स्मृतीत राहतात ते आतील लहानशा बॅटरीच्या जोरावर. ती संपली की सर्व आज्ञा मूळपदावर जातात आणि संकेतनामाच्या जागी ‘नोकॉल’ हा शब्द येतो. मे महिन्यात यंत्र काढून प्रथम तोच शब्द दिसतो की काय हे पाहावे.