पहिले वर्ष, वसतिगृह आणि कला

आपल्या शाळेचे वसतिगृह सोडून महाविद्यालयाच्या वसतिगृहात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांशी आम्ही गेली अनेक वर्षे बोलत आलो आहोत. अभ्यास जड गेला, अशी तक्रार त्यांपैकी थोडेच करतात. बहुतेकांचे सांगणे निराळे असते : पहिल्या वर्षी आम्ही तेथे राहत होतो, पण तेथले नव्हतो. खोली मिळाली, खाणावळ मिळाली, उशिरा का होईना शिष्यवृत्तीही मिळाली. जागा मात्र मिळाली नाही. या प्रश्नावर अन्यत्र योजलेल्या एका उपायाचा परिचय करून द्यावा आणि आपल्या इतिहासाच्या प्रकाशात त्याची पारख करावी, हा या लेखाचा हेतू आहे.

हा उपाय म्हणजे कलाप्रधान निवास. विद्यार्थी कोणत्याही शाखेचा असो, कलेची ओढ असलेल्यांनी एका छताखाली राहावे, अशी सोय अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत आहे. काही ठिकाणी ती खास पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असते. याचे एक जुने उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाचे रिस्ली निवास. 1913 साली विद्यार्थिनींसाठी उघडलेली ही वास्तू 1970 साली कलेला वाहिलेले, मुलामुलींचे सामायिक निवासस्थान झाली. तेथे राहण्याच्या खोल्यांबरोबरच छोटे नाट्यगृह आणि संगीताच्या सरावाच्या खोल्या आहेत. घरातील बऱ्याचशा गोष्टी निवासी विद्यार्थ्यांची सभा ठरवते. अभियांत्रिकीचा विद्यार्थी येथे प्रकाशयोजना सांभाळू शकतो, शेतीशास्त्राची विद्यार्थिनी नाटकात भूमिका करू शकते. नवागताला ओळख मागत फिरावे लागत नाही. हाती घेतलेले काम त्याची ओळख करून देते. अशा निवासाचे मर्म आम्हांस येथे दिसते.

योगायोग असा की, त्याच 1913 सालच्या जुलैत त्याच राज्यातील न्यूयॉर्क शहरी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम हार्टली हॉल, नंतर कॉस्मोपॉलिटन क्लब आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉल असा त्यांच्या निवासाचा क्रम आहे. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना यांची त्यांना संगत लाभली आणि ती मैत्री जन्मभर टिकली. परक्या देशातील पहिल्या वर्षी खोलीतील सोबती कोण, यालाही चरित्रात स्थान असते, ते यामुळेच.

निवास आणि कला यांची सांगड आपल्याला परकी नाही. अजिंठ्याची सोळा व सतरा क्रमांकांची लेणी विहार आहेत, म्हणजेच भिक्खूंची निवासस्थाने. मध्ये मंडप, भोवती राहण्याच्या लहान खोल्या आणि भिंतींवर पाचव्या शतकातील चित्रे, अशी त्यांची रचना आहे. सतराव्या लेण्यातील भिक्खू खोलीबाहेर पाऊल टाकी, तेव्हा समोर विश्वंतर जातकाची कथा उभी असे. भिंतही शिकवू शकते, हे तेथे घडवणाऱ्यांनी जाणले होते.

अजिंठ्याहून फार दूर नसलेल्या औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली महाविद्यालय सुरू केले. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ते प्रसिद्ध झाले. नागसेनवनातील त्याच्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून आलेली, घराण्यात प्रथमच महाविद्यालय पाहणारी मुले राहिली. तेथील म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक 1955 साली महाविद्यालयात बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर झाले. ज्यांच्या वाडवडिलांना प्रेक्षकांतही मानाची जागा नव्हती, त्यांच्या इतिहासाला त्या दिवशी रंगमंच मिळाला.

येथे एका रास्त शंकेचा विचार केला पाहिजे. मुलगा शिकायला गेला की नाचगाण्याला, असे आपले पालक विचारतात. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. गावगाड्यात हलगी वाजवणे, तमाशात नाचणे हे आपल्या माणसांनी स्वेच्छेने निवडलेले नव्हते. ते जातीने लादले आणि वर त्यालाच हिणवले गेले. शाहीर भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी मात्र तीच वाद्ये, तोच गळा प्रबोधनाच्या कामी लावला. कला तीच राहिली. ती कोणासाठी आणि कोणाच्या इच्छेने, हे बदलले.

आमचा स्वतःचा अनुभवही नमूद करणे उचित होईल. आम्ही पहिल्या वर्षाला असताना वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनात नाव नोंदवावयास गेलो. तेथे आडनाव विचारून आमच्याकडे सतरंज्या घालण्याचे काम आले. ते आम्ही केले, पण त्या वर्षी पुन्हा तिकडे फिरकलो नाही. पुढच्या वर्षी एका ज्येष्ठ विद्यार्थ्याने नाटकाचा पडदा रंगवावयास बोलावले आणि रंग कालवता कालवता स्वतःही आमच्याबरोबर सतरंज्या घातल्या. काम तेच होते. अपमान मात्र उरला नव्हता. आमचा आवाज आम्हांस त्या पडद्यामागे सापडला.

म्हणून कोणत्याही कलाप्रधान निवासाची कसोटी त्याच्या नाट्यगृहाच्या भव्यतेत नाही. झाडू कोणाच्या हाती आणि भूमिका कोणाच्या वाट्याला, हे पाहावे. दोन्ही आळीपाळीने सर्वांकडे येत असतील, तर ते वसतिगृह विहार होण्याच्या वाटेवर आहे. भूमिका ठरावीकांची आणि झाडू ठरावीकांचा असेल, तर रंगीत भिंतींच्या आत तो जुना गावगाडाच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या महाविद्यालयात असे निवास असेलच असे नाही. चार खोल्यांतील मुले एकत्र येऊन भिंतीपत्रक काढू शकतात, रविवारी एक एकांकिका वाचू शकतात. परीक्षेचा अभ्यास बाजूला सारू नका; तो आधी. परंतु पहिल्या वर्षी मुके राहू नका, आणि तुमच्यामागून येणाऱ्या नवागताला मुका राहू देऊ नका. त्याला सतरंजी द्याल, तेव्हा तिचे दुसरे टोक तुम्ही धरा.